सुट्ट्या पैशांत सापडलेले चुकीचे नाणे ओळखताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत गेल्या आठवड्यात मध्यभागी भोक असलेल्या दहा रुपयांच्या एका नाण्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. टांकसाळीत आतला गाभा बसवायचा राहून गेल्यामुळे हे नाणे असे बाहेर पडले आणि संग्राहकांकडून त्याला मोठी किंमत येऊ शकते, अशा अर्थाचा मजकूर त्याखाली होता. छायाचित्र स्वच्छ होते, म्हणून मी ते ई-पेपरवर मोठे करून बराच वेळ पाहिले. माझ्या मते त्या नाण्याचा गाभा टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर, आणि बहुधा हातोडी-पंच वापरून, कोणीतरी काढलेला आहे. असे मत देण्यास माझ्याकडे काय आधार आहे ते सविस्तर सांगावे आणि त्या निमित्ताने अशी नाणी कशी पारखावीत हेही आपल्या वाचकांपुढे ठेवावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. परंतु हा विषय दोन ओळींत उरकला की पुन्हा गैरसमजच होतात, म्हणून ते शक्यतो पूर्ण छापावे ही विनंती.

मी वागळे इस्टेटमधील एका लहान प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षे डायमेकर होतो. पत्र्याच्या पट्टीतून वॉशर आणि झाकणे पाडणाऱ्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणे, त्यांना धार लावणे आणि माल खराब येऊ लागला की दोष कुठे आहे ते शोधणे, हे माझे काम. नाणी मी कधी पाडलेली नाहीत. तरीसुद्धा नाणे तयार होण्याची पद्धत पाहिली तर ती आमच्या कामाचीच फार काटेकोर आवृत्ती आहे. धातूची पट्टी लाटून हव्या त्या जाडीची करतात, तिच्यातून गोल चकत्या पाडतात, त्या तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात, मग एका यंत्रातून फिरवून त्यांची कड किंचित उचलून घेतात आणि शेवटी कॉलर नावाच्या पोलादी कड्यात ठेवून वरच्या व खालच्या डायमध्ये एका दाबात दोन्ही बाजूंचा ठसा उठवतात. सगळे काम एकाच छताखाली होते असेही नाही. सेलमच्या पोलाद कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांसाठी कोऱ्या चकत्या पाडण्याची स्वतंत्र सोय आहे. टांकसाळीची चूक म्हणून ज्याला म्हणता येईल ते या साखळीतल्या कोणत्या तरी पायरीवर घडलेले असले पाहिजे, आणि त्या पायरीची खूण नाण्यावर राहिलेली असली पाहिजे. जिथे अशी पायरी दाखवता येत नाही, तिथे नाणे नंतर बिघडले किंवा बिघडवले, असे मी धरतो.

आता माझ्याकडच्या नाण्याविषयी. गेल्या पावसाळ्यात जांभळी नाक्याच्या मंडईत भाजी घेतली तेव्हा सुट्ट्यात पाच रुपयांचे एक नाणे आले. देता देता भाजीवालीच थांबली आणि म्हणाली, "काका, हे खाल्लेलं दिसतंय, राहू द्या, दुसरं देते." मी तेच मागून घेतले. २०१६ सालचे, पितळी रंगाचे नाणे. वर्षाखाली मुंबई टांकसाळीची, पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण. आणि एका बाजूने भाकरीचा घास तोडावा तसा अर्धचंद्राकार तुकडा गेलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोणीतरी कापले आहे असेच वाटेल, आणि भाजीवालीलाही तसेच वाटले होते.

घरी आल्यावर मी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, काढला. पाच रुपयांच्या या नाण्याचा व्यास २३ मिलिमीटर असतो. माझे नाणे इतर सर्व बाजूंनी २३ भरले, मात्र तुटलेल्या जागेवरून मोजले तर २० भरले. मग पाच रुपयांचे दुसरे, चांगले नाणे घेऊन त्याची कड या तुटक्या जागेत बसवून पाहिली. ती जवळजवळ बेमालूम बसली. ही सर्वात सोपी आणि सर्वात महत्त्वाची परीक्षा आहे. पट्टीतून चकत्या पाडताना पंच एकदा खाली आला की पट्टी ठरावीक अंतराने पुढे सरकावी लागते. ती पुरेशी सरकली नाही, म्हणजे आमच्या भाषेत फीड कमी पडली, तर पंचाचा पुढचा घाव आधीच्या भोकाच्या काठावर येतो आणि नवी चकती एका बाजूने अर्धवट निघते. जे भोक आधीच्या चकतीचे, तोच या चकतीचा चावा. म्हणून चाव्याची गोलाई त्याच नाण्याच्या गोलाईशी जुळते. वॉशरच्या कामात अशा चकत्या आम्ही पेटीभर पाहिलेल्या आहेत आणि त्यांच्यापायी बोलणीही खाल्लेली आहेत. पट्टीचे टोक पंचाखाली आले तर चावा गोल न होता सरळ रेषेत येतो, तोही याच जातीचा दोष.

पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण योग्य मापाचा पंच घेऊन कोणीही चांगल्या नाण्याला असा चावा पाडू शकतो. म्हणून दुसरी परीक्षा करायची ती चाव्याच्या बरोबर समोरच्या काठाची. माझ्या नाण्यावर चाव्यासमोरची कड इतर ठिकाणच्या मानाने बसकी आहे. बोटाचे नख फिरवले तरी फरक कळतो. याचे कारण कड उचलण्याच्या यंत्रात आहे. तिथे चकती एक फिरते चाक आणि एक स्थिर खाच यांच्यामध्ये गडगडत जाते आणि एकाच वेळी समोरासमोरच्या दोन बिंदूंवर दाबली जाते. एका बाजूला चावा आला की त्या क्षणी दाब नाहीसा होतो, आणि समोरच्या बाजूची कड उचललीच जात नाही. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तयार नाण्याला मागाहून चावा पाडणाऱ्याच्या हातात ही गोष्ट येत नाही, कारण त्याने नाणे हाती घेतले तेव्हा कड सगळीकडून आधीच उठलेली असते. चाव्यासमोरची कड बसकी नसली म्हणून नाणे बनावट ठरत नाही, कारण लहान चाव्यात हा परिणाम दिसेलच असे नाही. परंतु ती दिसली तर माझा विश्वास बराच वाढतो.

तिसरी खूण अक्षरांची. माझ्या नाण्यावर चाव्याजवळची अक्षरे तुटलेली नाहीत, ती चाव्याकडे झुकत पातळ होत गेलेली आहेत. ठसा उठवताना धातू लोण्यासारखा सरकतो आणि जिकडे मोकळी जागा असेल तिकडे आधी जातो. चाव्याच्या बाजूला कॉलरचा आधार नव्हता, म्हणून धातू तिकडे पसरला आणि अक्षरांना पुरेसा उठाव मिळाला नाही. याच कारणाने नाण्याच्या काठावरचे दाते चाव्याच्या आत उमटलेले नाहीत. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर पूर्ण उठावाचे असते आणि सुरीने कापावे तसे एकाएकी संपते. कापलेल्या धारेला बहुतेक वेळा बर, म्हणजे धातूची बारीक उचललेली कोर, येते, ती बोटाला खरखरीत लागते. कानशीने घासले असेल तर समांतर ओरखडे दिसतात.

चौथी परीक्षा वजनाची. गोखले रोडवरच्या एका ओळखीच्या सराफांनी त्यांच्या काट्यावर दोन्ही नाणी तोलून दिली. चांगले नाणे जवळजवळ ठरल्याप्रमाणे, म्हणजे ६ ग्रॅम भरले आणि माझे ५.६६ ग्रॅम. चाव्याचे क्षेत्रफळ मी कागदावर काढले होते; तेवढा धातू कमी झाला तर वजन किती यावे याचा हिशेब याच आकड्याजवळ येतो. वजनाने चूक कोणाची हे कळत नाही, पण मोजमापे एकमेकांना धरून आहेत की नाहीत हे कळते, आणि अशा तपासणीत मला त्याचे फार मोल वाटते.

आता आपण छापलेल्या दहा रुपयांच्या नाण्याकडे वळतो. या नाण्याचे बाहेरचे कडे आणि आतला गाभा हे दोन वेगळ्या धातूंचे तुकडे ठशापूर्वी एकमेकांत नुसते बसवलेले असतात. डायचा दाब आला की दोन्हींचा धातू पसरतो आणि ते एकमेकांत घट्ट अडकतात. गाभा खरोखरच बसवायचा राहिला असता आणि रिकाम्या कड्यावरच दाब आला असता, तर कड्याचा धातू आतल्या मोकळ्या जागेत सरकला असता. भोक मूळ मापापेक्षा थोडे लहान झाले असते, त्याची आतली कड गोलसर झाली असती आणि कड्यावरच्या रेषा आत ओढल्यासारख्या दिसल्या असत्या. आपल्या छायाचित्रात भोकाची कड धारदार आहे, रेषा तिथे सरळ तुटतात, आणि डाव्या अंगाला कडेचा एक भाग बाहेर फुगून चकाकतो आहे. घट्ट बसलेली वस्तू मागून ठोकून काढली की नेमका असाच ओठ सुटतो. छायाचित्रावरून निकाल देणे धोक्याचे आहे हे मी मान्य करतो, पण मला जे दिसले ते असे आहे. ज्यांच्याकडे ते नाणे आहे त्यांच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही. त्यांनाही ते सुट्ट्यातच मिळालेले असेल.

अशाच गल्लतीची आणखी काही उदाहरणे सांगतो, कारण गेल्या काही महिन्यांत परिचितांनी मला जी नाणी आणून दाखवली त्यांतली बहुतेक या प्रकारची होती. नाण्यावर एखादी जास्तीची रेघ दिसली की ती उंच आहे की खोल हे आधी पाहावे. डायवर जे खोल असते ते नाण्यावर उंच येते. वापरून वापरून डायला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक, वेडीवाकडी, उठावाची रेघ उमटते. डायच्या काठाचा तुकडाच उडाला तर तिथे धातूचा सपाट फुगवटा येतो. हे खरे टांकसाळी दोष. खोल गेलेली रेघ मात्र जवळजवळ नेहमी नंतरचा ओरखडा असतो. "भारत" या शब्दातले एखादे अक्षर पुसट असले तर डायच्या खाचेत तेल आणि धूळ बसलेली असू शकते. हाही टांकसाळीतलाच दोष, पण तो इतका सर्रास आढळतो की त्यासाठी कोणी जास्त पैसे मोजेल असे नाही.

दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांशी तिरके असण्याचा दोष घरबसल्या कोणालाही तपासता येतो. नाणे वर-खाली चिमटीत धरावे, सिंहमुद्रा सरळ ठेवावी आणि पुस्तकाचे पान उलटतो तसे ते फिरवावे. आपल्या नाण्यांवर मागची बाजूसुद्धा सरळ दिसायला हवी. थोडासा कल असलेली नाणी पुष्कळ सापडतात. परंतु मागची बाजू आडवी किंवा पूर्ण उलटी आली तर प्रेसमध्ये डाय फिरून बसली होती हे निश्चित, आणि असे नाणे कोणालाही खोटे करून दाखवता येत नाही, कारण तयार नाण्याची एक बाजू फिरवण्याचा मार्गच नाही. फक्त दहा आणि वीस रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यांत गाभा काढून तिरका बसवलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे. तसे केले असेल तर कडे आणि गाभा यांच्या सांध्याजवळ खुणा राहतात.

एका बाजूला नेहमीचा ठसा आणि दुसऱ्या बाजूला त्याच चित्राचे आरशातल्यासारखे उलटे, खोलगट रूप, असे नाणे सर्वांनाच चक्रावून टाकते. ठसा उठलेले नाणे डायमधून सुटले नाही आणि त्याच्याखाली पुढची चकती आली, तर ते अडकलेले नाणेच डायचे काम करते आणि असे नाणे खरोखर तयार होते. मात्र दोन नाणी एकत्र ठेवून व्हाइसच्या, म्हणजे वस्तू घट्ट पकडण्याच्या शिकंजाच्या, जबड्यात आवळली तरी असाच उलटा ठसा उमटतो, आणि हा उद्योग करणारे लोक आहेत. तेव्हा दुसरी बाजू पाहावी. व्हाइसमध्ये आवळलेल्या नाण्याची दुसरी बाजू चेपलेली असते, अक्षरांचे माथे सपाट झालेले असतात. खऱ्या नाण्याची दुसरी बाजू ताजी, पूर्ण उठावाची असते. इथे हेही नमूद करतो की नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

चूक नसताना चूक समजली जाते ती मुख्यतः टांकसाळीच्या खुणेबाबत. वर्षाखाली मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. "माझ्या नाण्यावरची खूण राहून गेली आहे," असे म्हणून मला तीन जणांनी जी नाणी दाखवली ती सर्व कोलकात्याची होती. तीच गोष्ट आकाराची. १९९२ पासूनचा मोठा, स्टेनलेस स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे त्याच मापाचे आणि त्याच वजनाचे आहे, आणि त्याच मालिकेतला रुपया मात्र २२ मिलिमीटरपर्यंत लहान झाला. त्यामुळे दोन रुपयांचा ठसा रुपयाच्या चकतीवर पडला आहे असे पुष्कळांना वाटते. लोहचुंबकाची परीक्षा उपयोगी आहे, पण तीही जपून करावी. आजची पितळी पाच रुपये चुंबकाला चिकटत नाहीत, आणि रुपया-दोन रुपये चिकटतात, हे खरे. परंतु २००७-०८ च्या सुमारास पाच रुपयांचे नाणेही स्टेनलेस स्टीलचे निघाले होते आणि तेही चिकटते. त्यात चूक काहीच नाही.

या सगळ्या प्रकारात मला आपल्या जुन्या शिवराईची आठवण होते. आमच्या आजोळी देव्हाऱ्यात दोन शिवराया होत्या. त्यांवरचा "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" हा मजकूर एकाही नाण्यावर पूर्ण नव्हता, कुठे "राजा" अर्धा, तर कुठे "पति" काठाबाहेर गेलेला. लहानपणी मी त्याला खराबी समजत असे. हाताने घण मारून पाडलेल्या त्या नाण्यांत ठसा चकतीपेक्षा मोठा असे आणि घाव जिथे पडेल तेवढा मजकूर नाण्यावर येई. तिथे मध्य चुकणे हा रोजचाच व्यवहार होता, म्हणून केवळ ठसा सरकला म्हणून शिवराईची किंमत वाढत नाही. यंत्रावर, कॉलरमध्ये पाडलेल्या नाण्याचा ठसा सरकला तर मात्र ती नोंद घेण्यासारखी घटना ठरते. एकाच दिसण्याचा अर्थ पद्धतीप्रमाणे बदलतो, आणि त्यासाठीच नाणे कसे तयार झाले हे आधी समजून घ्यावे असा माझा आग्रह आहे.

हा आग्रह मी नुसत्या हौसेपोटी धरत नाही. या विषयातल्या अज्ञानाचा त्रास दोन्हीकडून होतो. एकीकडे, थोडे वेगळे दिसणारे नाणे "चालत नाही" म्हणून परत केले जाते. दहा रुपयांच्या नाण्यांच्या बाबतीत हे इतके वाढले की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून, आतापर्यंत चौदा प्रकारच्या ठशांची दहा रुपयांची नाणी काढली असून ती सर्व चलनात आहेत, असे जाहीर करावे लागले. वर पंधरा रेघा असलेले आणि दहा रेघा असलेले अशी दोन्ही नाणी खरी आहेत. तरीही मागच्याच महिन्यात ठाणे स्टेशनबाहेर एका शेअर रिक्षावाल्याने माझ्यादेखत एका वृद्ध गृहस्थांचे दहा रुपयांचे नाणे घेण्याचे नाकारले आणि त्यांच्याकडे दुसरे सुट्टे नसल्यामुळे ते खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच मला अजून आठवतो.

दुसरीकडे, फसवणूक होते. आमच्या सोसायटीतील एका आजींकडे श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली निघालेले पाच रुपयांचे नाणे होते. हे नाणे चुकीचे नाही आणि दुर्मीळही नाही. ते चलनासाठीच काढलेले होते. मोबाइलवर आलेल्या एका चित्रात या नाण्याला काही लाख रुपये मिळतील असे लिहिले होते आणि खाली क्रमांक होता. आजींनी फोन केला. पलीकडच्या माणसाने आधी नोंदणीचे, मग कराचे आणि शेवटी नाणे न्यायला येणाऱ्या माणसाच्या विम्याचे म्हणून तीन वेळा पैसे भरून घेतले. साडेआठ हजार रुपये गेल्यावर फोन बंद झाला. ही रक्कम त्यांच्या औषधांच्या डब्यात ठेवलेली होती. मुलाला कळले तर तो रागावेल म्हणून त्या दहा दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, आणि मला कळले ते नाणे "पुन्हा एकदा नीट पाहून द्या" म्हणून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावाने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. आजींपर्यंत ही सूचना पोहोचली नव्हती. अशी फसवणूक झाली तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार करावी तितका पैसे अडवले जाण्याचा संभव अधिक असतो. दहा दिवसांनी तो फारसा उरला नव्हता.

आजींच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष लागली. नाणे विकत घेणारा माणूस आधी विकणाऱ्याकडूनच पैसे मागतो आहे, हे त्यांना खटकले नाही, कारण चित्रातल्या मजकुरावर त्यांचा विश्वास बसला होता. वर्तमानपत्रातल्या मजकुरावर तर लोकांचा त्याहून अधिक विश्वास असतो. म्हणून भोक पडलेल्या नाण्याला "मोठी किंमत" येईल, असे वाक्य आपल्या पुरवणीत आले की मला काळजी वाटते. खऱ्या टांकसाळी दोषाच्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे देतात हे खरे आहे, पण किती, ते दोष किती ठळक आहे, तो किती क्वचित आढळतो, नाणे किती घासलेले आहे आणि घेणारा कोण आहे यावर ठरते. माझ्या चावलेल्या नाण्याची किंमत मी कोणाला विचारलेली नाही आणि मला ती जाणून घेण्याची घाईही नाही.

या संदर्भात माझ्या काही विनंत्या आहेत. आपल्या दैनिकाने यापुढे असे नाणे छापताना दोन्ही बाजूंची आणि काठाची अशी तीन छायाचित्रे द्यावीत आणि नाण्याचे वजन लिहावे. काठ पाहिल्याशिवाय यातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही. जाणकाराचे मत घ्यायचे असेल तर आपल्यापासून ते फार दूर नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात नाण्यांचे संग्रहालय आहे, फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी वाहिलेली संस्था आहे. १८२९ पासून चालू असलेली मुंबईची टांकसाळ तर आपल्या लोकलच्या टप्प्यात आहे. या टांकसाळीने, किंवा तिच्या वतीने फोर्टच्या संग्रहालयाने, एका काचेच्या पेटीत खरे दोष असलेली चार-पाच नाणी आणि त्यांच्या शेजारी नंतर बिघडवलेली तशीच नाणी मांडून ठेवली, तर शाळेच्या सहलीतली मुलेसुद्धा फरक शिकून घरी जातील. बँकांच्या शाखांनी काउंटरवर नाणी नाकारू नयेत, हे तर नियमातच आहे; त्यासोबत चौदा ठशांचे चित्र भिंतीवर लावले तर रिक्षावाले आणि दुकानदार यांच्याशी होणारे वाद पुष्कळ कमी होतील.

वाचकांना एवढेच सांगेन की सुट्ट्यात वेगळे नाणे सापडले तर ते चिंच-मीठ किंवा भांडी घासण्याची पावडर लावून चकचकीत करू नये. घासल्याने पृष्ठभागावरच्या त्या सूक्ष्म खुणा जातात ज्यांवरून दोष ओळखायचा असतो, आणि नाण्याचे मोलही जाते. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावे, साध्या भिंगाने काठ पाहावा, आणि जवळच्या सराफाला विनंती करून वजन करून घ्यावे. बहुतेक सराफ आनंदाने करून देतात, असा माझा अनुभव आहे.

माझे नाणे मी आपल्या कार्यालयात घेऊन येण्यास तयार आहे. शेजारी पाच रुपयांचे नेहमीचे नाणे ठेवून, चाव्यासमोरची बसकी कड दिसेल अशा प्रकाशात त्याचे छायाचित्र घेतले तर वर लिहिलेले सगळे वाचकांना एका दृष्टीत कळेल. भोक असलेल्या नाण्याचे मालकही त्याच वेळी येऊ शकले तर ते नाणे प्रत्यक्ष हातात घेऊन, भोकाचा व्यास मोजून पाहण्याची माझी इच्छा आहे. तो व्यास चांगल्या नाण्यातल्या गाभ्यापेक्षा लहान भरला आणि आतली कड गोलसर निघाली, तर माझा अंदाज चुकला असे मी आपल्याला त्याच दिवशी लिहून देईन आणि ते पत्रही आपण छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त डायमेकर
नौपाडा, ठाणे